पुढे येणाऱ्या राजाला

‘बहुभिर्वसुधा भुक्ता राजभिः सगरादिभिः। यस्य यस्य यदा भूमिस्तस्य तस्य तदा फलम्॥’

सगरापासून कितीतरी राजांनी ही पृथ्वी भोगली. ज्या वेळी ती ज्याच्या हाती, त्या वेळी तिचं फळही त्याचंच. जुन्या दानपत्रांच्या शेवटी हा श्लोक पुन्हा पुन्हा भेटतो. राष्ट्रकूट असोत, शिलाहार असोत, घराणं बदलतं, श्लोक तोच. इतिहास लिहिणारे बहुधा हा भाग ओलांडून पुढे जातात, कारण तो ठरावीक आहे. त्यांना वंशावळ हवी असते, तिथी हवी असते, गावांच्या सीमा हव्या असतात. मला मात्र कोरीव लेखातला हाच भाग सगळ्यांत खरा वाटतो. वरच्या ओळींत राजा समुद्राचा अधिपती असतो, चक्रवर्ती असतो, शत्रूंच्या हत्तींना लोळवणारा असतो. खाली येईपर्यंत त्याचा सूर बदललेला असतो. तो आता प्रजेशी बोलत नाही, देवाशीही नाही. आपल्यानंतर या जमिनीवर जो कोणी बसेल, त्या अनोळखी माणसाशी बोलतो. मी दिलेलं तू काढून घेऊ नकोस, एवढंच त्याचं मागणं असतं.

माझं आजोळ अष्टागरात. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून समुद्राकडे उतरणाऱ्या पाणंदी, आणि आक्षी, नागाव, चौल ही गावं एकाला एक लागून. या एवढ्याशा पट्ट्यात जितके धनी बदलले तितके फार थोड्या भूमींनी पाहिले असतील. शिलाहार, यादव, बहामनी, निजामशाही, पोर्तुगीज, मराठे, आंग्रे, इंग्रज. वाडीतली विहीर मात्र तिथेच होती आणि रहाट फिरतच होता. म्हणून असेल, पण पुढच्या धन्याला उद्देशून बोलणारे दगड या भागात पाहिले की ते मला फार जवळचे वाटतात.

आक्षीचा लेख मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहेच. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ हा काळ संशोधक शं. गो. तुळपुळ्यांनी वाचला आणि त्यामुळे हा दगड मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत जाऊन बसला. आकड्याच्या वाचनावरून वाद आहे, आणि केसीदेव नावाचे शिलाहार राजे एकाहून अधिक झाल्यामुळे तो सहज मिटणाराही नाही. पहिला लेख कोणता, आक्षीचा की श्रवणबेळगोळचा, या चुरशीत मला फारसा रस नाही. त्या चढाओढीत दगड काय सांगतो ते मागेच राहतं. सुरुवातीला जगाचं सुख मागितलं आहे. मग पश्चिम समुद्राधिपती, कोकण चक्रवर्ती श्री केसीदेवराय. मग त्याचा महाप्रधान भइर्जू सेणुई. एवढा सगळा लवाजमा कशासाठी? तर महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली (कुवली हे जुनं माप) धान्य द्यायचं म्हणून.

बोडण! आमच्याकडे अजून घरोघरी भरतात. लग्न-मुंज झाली की सुवाशिणी आणि कुमारिका काठवटीभोवती बसतात, दूध-दही-तूप-मध एकत्र कालवतात, देवीला त्यात बसवतात, आणि बाहेरच्या खोलीत पुरुष जेवणाची वाट पाहत बसतात. ‘कोकण चक्रवर्ती’ आणि काठवट एका दगडावर आलेली पाहिली की केसीदेवाच्या राज्यात काय चालत होतं ते मला एकदम दिसू लागतं. युद्धांच्या यादीवरून तसं कधी दिसत नाही.

एकदा तिथे अक्षरांवरून बोट फिरवत उभी होते, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या एक आजी गवताचा भारा खाली ठेवून थांबल्या.

“काय लिवलंय गो बाय त्यावर?”

“देवीच्या बोडणाला धान्य द्यायचं, असं लिहिलंय आजी.”

“किती?”

“नऊ कुवल्या.”

“मग देतो का कोण आता?”

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, भारा उचलला आणि गेल्या. लेखाचं वाचन बरोबर की चूक, शक कुठला, यांपैकी काहीही त्यांनी विचारलं नाही. केसीदेवाच्या प्रधानाला ज्या प्रश्नाची धास्ती होती, नेमका तोच त्यांनी विचारला.

त्याच आक्षीत दुसरा एक कोरीव दगड आहे, शके १२१३ चा, इ.स. १२९१. आता राजा देवगिरीचा रामचंद्रदेव यादव. एका गावात, हाकेच्या अंतरात, दोन घराण्यांचे दोन दगड. आणि नंतर आलेल्याने आधीचा उखडून टाकलेला नाही. ही गोष्ट मला मोठी वाटते.

ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी या दगडांवर चित्र असे. वर चंद्र आणि सूर्य: हे दान चंद्र-सूर्य असेतोवर चालावं. मध्ये मजकूर. खाली गाढव आणि स्त्री. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती शिवी आहे, दगडात कोरलेली. गधेगाळ म्हणतात त्या याच. परळचा इ.स. ११८७ चा अपरादित्य शिलाहाराचा शिलालेख आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्याचा बहुतेक मजकूर संस्कृतात, राजभाषेच्या रुबाबात. पण शाप द्यायची वेळ आली तेव्हा कोरणारा सरळ मराठीत उतरतो. जो कोणी हे शासन लोपील त्याच्यावर श्रीवैद्यनाथदेवाची भाल सकुटुंब पडो, असं म्हणतो आणि पुढे ती शिवी देतो. मी ती इथे लिहिणार नाही. मराठीचा जुना नमुना म्हणून लोक ती हसत उद्धृत करतात, मला त्यात हसू येत नाही. एक राजा दुसऱ्या राजाला धाक घालतो आणि त्यासाठी अंग वापरतो बाईचं. त्या बाईचा त्या जमिनीशी काडीचा संबंध नसतो. कोकणात गावोगाव हे दगड उभे आहेत, आणि त्यांच्यापुढे मला दर वेळी दोन्ही वाटतं: दान टिकावं ही तळमळ खरी, आणि ती बोलून दाखवायची रीत क्रूर.

आता त्या ‘पश्चिम समुद्राधिपती’ या बिरुदाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर. साधारण १२६५ च्या सुमाराला यादव राजा महादेव याने त्याच्यावर स्वारी केली. जमिनीवर हरल्यावर सोमेश्वर गलबतांवर चढला, समुद्रात लढाई झाली आणि तिथेच तो बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेवलंय की महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल बरा वाटला. जिंकणाऱ्याच्या दरबारातलं हे काव्य आहे, त्यात दया नाही. पण बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ उभे आहेत, ते या लढाईचे असावेत असं मानतात, आणि त्यांतलं काम वेगळं आहे. तिथे वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं आहेत, उंच डोलकाठ्या आहेत, एकमेकांवर चालून जाणारी माणसं आहेत, आणि वरच्या थरात मेलेल्या वीराला अप्सरा नेताहेत. समुद्रावरचं युद्ध दगडात इतकं तपशिलाने कोरलेलं आपल्याकडे फार कुठे नाही. राजा कोण ते तिथे शोधावं लागतं. वल्हवणारे मात्र पहिल्या नजरेत दिसतात, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर.

शंभर वर्षांनी नागावात पुन्हा एक दगड उभा राहिला. शके १२८९. पण त्याच्याआधी हिजरी साल ७६९ कोरलंय. एकाच ओळीत दोन कालगणना. राजा हंबीरराव, ठाणे-कोकणावर राज्य करणारा. आणि त्याला बिरुद लावलंय ‘प्रौढप्रतापचक्रवर्ती’. हे बिरुद यादवांचं! देवगिरी पडून अर्धं शतक उलटलं होतं, दख्खनेत बहामनी सुलतान बसले होते, पण नागावच्या कोरक्याला राजाच्या नावाआधी काय लिहायचं असतं ते आठवत होतं. त्या लेखात अष्टागरच्या अधिकाऱ्याचाही उल्लेख येतो, म्हणजे आमच्या भागाचं नाव तेव्हाही हेच होतं. राजा बदलला की सगळं बदलतं असं शाळेत सनावळ्या पाठ करताना वाटे. इथे साल बदललंय, भाषेत फारसी-अरबी शब्द यायला लागलेत, पण गावचा अधिकारी, गावची जमीन आणि दस्ताची घडण जवळपास तशीच आहे.

दक्षिण कोकणात उतरलं की दगडावरचे लेख विरळ होतात आणि ताम्रपट डोळ्यांत भरतात. मला वाटतं याला जांभाही थोडा जबाबदार असावा. जांभ्याच्या चिऱ्यात घर उभं राहतं, विहीर बांधली जाते, पण बारीक अक्षर त्यात धरत नाही. चार पावसाळ्यांत कडा झिजतात. तांबं टिकतं, आणि घरात ठेवता येतं. खारेपाटणचा ताम्रपट असाच. शके ९३०, इ.स. १००८, दक्षिण कोकणचा शिलाहार रट्टराज. तो जगापुढे आणला बाळशास्त्री जांभेकरांनी, आणि याचं मला विशेष वाटतं. ज्यांना आपण ‘दर्पण’साठी ओळखतो ते बाळशास्त्री देवगडकडच्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे खारेपाटणच्या शेजारचेच. मराठी वृत्तपत्र काढणारा माणूस आपल्याच मुलुखातलं आठशे वर्षांपूर्वीचं राजशासन वाचतो, लावतो आणि छापतो.

त्या पत्र्यांत रट्टराजाने आपली आणि आपल्या पूर्वीच्या राष्ट्रकूट धन्यांचीही वंशावळ दिली आहे. इतिहासकारांनी त्याचं सोनं केलं, बरोबरच आहे. मी मात्र जकातीच्या ओळींपाशी थांबते. अव्वेश्वराच्या देवळाला गावं दिली आहेत, आणि शिवाय परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं. दुसऱ्या एका बंदराहून येणाऱ्या जहाजाला कमी, एक धरण (गद्याणासारखंच त्या काळचं नाणं). चेमुल्य आणि चंद्रपूर इथली जहाजं यातून वगळलेली. चेमुल्य म्हणजे आमचं चौल, आणि हे चंद्रपूर गोव्याकडचं. देवळाच्या सेवेला तेली, माळी, कुंभार, परीट यांची घरंही लावून दिली आहेत. खाडीच्या तोंडाशी उभं राहून कोणीतरी जहाजं मोजत होतं, हे कुठून आलं ते विचारत होतं, आणि चौलचं आहे म्हटल्यावर सोडून देत होतं, असं सगळं त्या दोन ओळींत मावलंय.

खारेपाटणलाच सापडलेल्या दुसऱ्या ताम्रपटात, शके १०१६ च्या, उत्तर कोकणच्या अनंतदेवाने भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांच्या जहाजांना ठाणे, नागपूर, सोपारा, चेमुली वगैरे बंदरांत जकात माफ केली आहे. यातलं नागपूर किनाऱ्यावरचं. ते नागोठणे की नागाव, यावर तर्क झालेले आहेत. मला ते नागाव असावं असं वाटत राहतं. पुरावा नाही, आजोळची ओढ आहे.

पण कोकणच्या सगळ्या ताम्रपटांत माझा जीव जडलाय तो डहाणू तालुक्यातल्या चिंचणीच्या पत्र्यांवर. शके ८४८, इ.स. ९२६. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र मान्यखेटात राज्य करतोय, आणि संजाण मंडळावर त्याच्या वतीने कारभार पाहणारा माणूस आहे मधुमती. संस्कृतात बसवलेलं हे नाव मूळचं महंमद. ताम्रपटच सांगतो की तो ताजिक होता, म्हणजे अरब. या मधुमतीने काय केलं? बंदरं ताब्यात घेतली, तिथे आपले अधिकारी नेमले, हे आहेच. आणि दोन प्रवाहांवर लोकांना फुकट पार करणारी होडी ठेवली. आणि एक अन्नछत्र घातलं, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. एका मठासाठी जमिनीचं दान मागितलं गेलं, तेही त्याच्याच संमतीने.

साळीचा भात, कालवण, तूप. राजशासनात हे लिहायची काही गरज नव्हती. ‘अन्नछत्र घातले’ एवढं पुरलं असतं. पण लिहिणाऱ्याने ताटात काय होतं ते लिहिलं, आणि म्हणून मधुमती मला माणूस म्हणून ठाऊक आहे. त्याच्या दहा वर्षं आधी अल-मसुदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला होता. तिथे झंझ नावाचा राजा राज्य करतो आणि हजारो मुसलमान सुखाने राहतात, असं त्याने लिहिलं. तो झंझ शिलाहारच. बाहेरून आलेल्याचं लेखन आणि इथल्या पत्र्यावरची अक्षरं अशी एकमेकांना दुजोरा देतात.

चिंचणीच्याच आणखी एका ताम्रपटात, शके ९५६ च्या, शिलाहार छित्तराजाचा मांडलिक चामुंडराज मठाला एक घाणा देतो. तेलाचा घाणा. ते तेल देवीपुढच्या दिव्याला, आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावायला. लांबून चालत आलेल्या माणसाचे पाय दुखत असणार हे एका सत्ताधाऱ्याने ध्यानात घेतलं आणि तांब्यावर कोरून ठेवलं. या दानाला जे साक्षी आहेत त्यांत मुसलमान नावंही आहेत. आज किनाऱ्यावरच्या गावांत कोण आधीचा आणि कोण नंतरचा यावरून शब्द वाढायला लागले की मला हे साक्षीदार आठवतात आणि त्यांची नावं मोठ्याने वाचून दाखवावीशी वाटतात.

राजाने न कोरवलेले लेखही आहेत, आणि ते कितीतरी जुने. राजपुरीच्या खाडीच्या वरच्या अंगाला, मांदाडजवळ, कुड्याची लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. तिथे महाभोज घराण्याचा उल्लेख येतो, मांदव खंदपालित हे नाव येतं. पण लेणं खोदवणारा त्याचा लेखक, म्हणजे कारकून. दुसरं लेणं एका वैद्याचं, सोमदेवाचं. एक कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचं. एक माळ्याचं: वधुकाचा मुलगा सिवपिरित. राजाने कोरलं नाही, या माणसांनी फक्त राजा कोण होता ते सांगून आपलं नाव कोरलं, आणि राहून गेले दोघे सारखेच. या लेखांत शापही फारसा नाही. माळ्याला पुढच्या धन्याची भीती वाटली नसावी. त्याने दिलेलं कोणी मागे घेण्याजोगं नव्हतं.

सोपाऱ्याचा अशोक तर या सगळ्यांच्या आधीचा. पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा. नवव्या लेखात सम्राट म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, आणि बायका तर फारच, क्षुल्लक आणि निरर्थक. त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दासांशी, चाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं. शेवटचं वाक्य मला मान्य आहे, मनापासून. पहिल्यापाशी मी अडते. कारण त्याच किनाऱ्यावर, तेराशे वर्षांनी, दुसऱ्या एका राजाच्या प्रधानाने बायकांच्या अशाच एका विधीसाठी धान्य लावून दिलं, आणि तो विधी अजून चालतो.

हे दगड आज कसे आहेत ते सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. काही गावांनी त्यांना छप्पर केलंय, कट्टा बांधलाय, शेजारी पाटी लावलीय. तिथल्या तरुण मुलांना त्याचा अभिमान आहे आणि ती आपणहून दाखवायला येतात. काही ठिकाणी गधेगाळ शेंदूर लावून देव झालीय. ते मला वाईट वाटत नाही. देव झाली म्हणून तर ती कोणी फोडली नाही. वाईट वाटतं ते ऑइलपेंटचं. अक्षरांच्या खाचांत एकदा तो रंग बसला की ठसा नीट उठत नाही. ठसा घ्यायचा म्हणजे ओला कागद दगडावर चढवायचा, ब्रशने ठोकून खाचांत बसवायचा, मग शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. खाचच बुजली असेल तर कागदावर येणार काय? रस्ता रुंद करताना हलवलेला दगडही असाच जातो. तो दुसरीकडे ठेवतात, कधी नीट ठेवतात, पण जी जमीन त्याने राखायची ती कुठली होती हे मग कोणालाच सांगता येत नाही. लेखात ‘या सीमेच्या आत’ असं लिहिलेलं असतं, आणि सीमा मागे राहिलेली असते.

म्हणून माझं किनाऱ्यावरच्या सगळ्यांना सांगणं असतं: वाडीच्या बांधावर, विहिरीच्या थारोळ्यात, देवळामागे चंद्र-सूर्य कोरलेला दगड दिसला तर तो हलवू नका. त्यावर खडू फिरवू नका, तेल ओतू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढा, तेव्हा झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. आणि तालुक्यात इतिहासाचं शिकवणारं कोणी असेल त्याला दाखवा.

माझ्या भाचीने या सुट्टीत ब्राह्मीची अक्षरं गिरवायला घेतली आहेत. ‘म’ तिला आता लांबूनही ओळखता येतो. पाऊस सरला की तिला घेऊन कुड्याला जायचं ठरलंय. महाभोजाचं तिला काही नाही. तिला त्या माळ्याचं नाव स्वतः वाचायचंय.